उकळूनही न मरणारे जिवाणू

पोट बिघडले, जुलाब सुरू झाले की घरातील वडील मंडळी ताक प्यायला किंवा दहीभात खायला सांगतात. डॉक्टरांकडे गेल्यास ते कित्येकदा इतर औषधांबरोबर प्लॅस्टिकच्या लहान लहान कुप्या लिहून देतात. एका कुपीत पाच मिलिलिटर गढूळसर द्रव असतो आणि वेष्टनावर बारीक अक्षरांत एखाद्या जिवाणूचे लांबलचक नाव व ‘२०० कोटी बीजाणू’ असा काहीसा मजकूर छापलेला असतो. जंतूंमुळे बिघडलेल्या पोटावर उपाय म्हणून आणखी जंतूच प्यायचे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. अशा उपयोगी ठरू शकणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना ‘प्रोबायोटिक’ म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, या कुपीची आणि दह्याची थोडी तुलना करून पाहा. दह्यातील जिवाणू नाजूक असतात. कढी चांगली उकळली की ते मरतात; म्हणून गार झालेल्या कढीचा चमचाभर थेंब विरजण म्हणून दुधात घातला तर दही लागत नाही. कुपीतील जिवाणू मात्र फ्रिजबाहेर, कपाटात, महिनोन्‌महिने राहतात आणि तरीही जिवंत असतात. इतकेच काय, ते काही मिनिटे उकळले तरी त्यांतील बरेचसे शिल्लक राहतात. हे कसे घडते, आणि असा चिवट जिवाणू पोटात गेल्याने आपला खरोखर फायदा होतो का, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात. पहिल्याचे उत्तर विज्ञानाजवळ बऱ्यापैकी पक्के आहे. दुसऱ्याचे तितके पक्के नाही. जाहिरातींत मात्र पहिले उत्तर सांगून दुसरेही त्यातच आले असे भासवले जाते, म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवूनच आपण पुढे जाऊ.

बीजाणू म्हणजे काय?

‘बॅसिलस’ या गटातील जिवाणू माती, गवत, धूळ अशा ठिकाणी सर्वत्र सापडतात. अन्न भरपूर असले की ते वाढतात आणि दुभंगून एकाचे दोन, दोनाचे चार होतात. अनुकूल परिस्थितीत यास वीस-तीस मिनिटेच लागतात. पण अन्न संपत आले की हा जिवाणू वेगळाच मार्ग धरतो. त्याच्या पेशीत एक आडवा पडदा तयार होतो, तोही मध्यभागी नव्हे तर एका टोकाजवळ. लहान भागाला मोठा भाग गिळून टाकतो आणि मग त्या गिळलेल्या भागाभोवती एकावर एक आवरणे चढवू लागतो. सात-आठ तासांत काम पुरे होते. मोठी पेशी फुटून नाहीशी होते आणि आतला लहानसा, सुमारे एक मायक्रॉन लांबीचा, टणक गोळा तेवढा मागे राहतो. हाच बीजाणू होय. बुरशी आणि नेचे यांचेही बीजाणू असतात, पण ते पुनरुत्पादनासाठी. येथे एका जिवाणूपासून एकच बीजाणू होतो. संख्या वाढत नाही. वाईट दिवस काढण्याची ती युक्ती आहे.

बीजाणू खात नाही, श्वसन करीत नाही, हलत नाही. नेहमीच्या पेशीत वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते. बीजाणूच्या गाभ्यातील पाणी त्याहून पुष्कळच कमी असते. पाण्याची जागा बऱ्याच अंशी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांच्या संयुगाने घेतलेली असते. बीजाणूच्या कोरड्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा या आम्लाचाच असतो. आनुवंशिक गुण वाहणारा डीएनएचा धागा काही खास प्रथिनांनी गुंडाळून ठेवलेला असतो. बाहेरून जाड साल आणि तिच्यावर प्रथिनांचे कवच असते.

पाणी कमी करण्याने एवढे काय साधते? अंडे उकडले की त्याचा पांढरा बलक घट्ट होतो, हे आपण रोज पाहतो. उष्णतेने प्रथिनांच्या रेणूंच्या घड्या उलगडतात आणि ते एकमेकांत गुंततात. रेणूंना हालचाल करायला भोवती भरपूर पाणी असले तर हे सहज होते. गाभ्यात पाणीच कमी, त्यामुळे रेणू जागच्या जागी जखडल्यासारखे राहतात आणि त्यांच्या घड्या मोडायला फार जास्त तापमान लागते. गाभा असा घट्ट असल्यामुळे बीजाणूचा वक्रीभवनांकही जास्त असतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली तो मंद पेशीत ठेवलेल्या चकाकत्या मण्यासारखा दिसतो.

एका पदार्थवैज्ञानिकाची अडचण

मी पदार्थविज्ञान शिकवतो. जिवाणूंच्या प्रांतात माझे काय काम, असे कोणी विचारील. पण या कथेत एका नामवंत पदार्थवैज्ञानिकाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव जॉन टिंडल. धुळीच्या कणांवरून प्रकाशाचे विकिरण होते, त्या टिंडल परिणामामुळे तुम्हांला हे नाव माहीत असेल. अंधाऱ्या पेटीतून प्रकाशाचा झोत सोडायचा. झोत दिसला नाही तर हवेत धूळ नाही असे समजायचे. अशा धूळविरहित हवेत उकळलेले मटणाचे किंवा भाज्यांचे पाणी ठेवले तर ते नासत नाही, हे टिंडल यांनी दाखवले. जीव निर्जीव पदार्थातून आपोआप उत्पन्न होत नाही, या पाश्चर यांच्या मताला त्यामुळे बळकटी आली.

पुढे मात्र त्यांचे प्रयोग फसू लागले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रयोगशाळेत वाळलेले गवत आणल्यापासून, पूर्वी पाच मिनिटांच्या उकळीने शुद्ध होणारी द्रावणे कितीही उकळली तरी नासू लागली. अखेर त्यांना आपले प्रयोग क्यू येथील वनस्पतिउद्यानात हलवावे लागले. तेथे ती पुन्हा व्यवस्थित टिकू लागली! टिंडल यांनी अनुमान काढले की गवतातील जंतूंची एक अवस्था उष्णतेला दाद देत नाही आणि तिनेच सारी प्रयोगशाळा व्यापून टाकली आहे. त्याच सुमारास, १८७६ साली, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी गवतातील जिवाणूचे बीजाणू सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांचे वर्णन केले आणि रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्स या गुरांच्या रोगाच्या जिवाणूत तीच अवस्था दाखवली.

टिंडल यांनी १८७७ मध्ये यावर काढलेला तोडगा अगदी साधा होता. द्रावण एकदा थोडा वेळ उकळायचे. साधे जिवाणू मरतात, बीजाणू उरतात. मग ते कोमट जागी एक दिवस ठेवायचे. अन्न मिळाल्यामुळे बीजाणू रुजतात, म्हणजे पाणी शोषून पुन्हा साधे जिवाणू बनतात. आता पुन्हा उकळायचे. कवच टाकून बाहेर आलेला जिवाणू या वेळी मरतो. तिसऱ्या दिवशी आणखी एकदा उकळले की राहिलेसाहिलेही संपतात. नुसत्या स्वच्छ पाण्याला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्यात अन्न नसल्याने बीजाणू रुजतच नाहीत.

थोडे गणित

उष्णतेने जिवाणू मरतात ते सगळे एकदम नव्हे. ठरावीक वेळात ठरावीक अंश मरतो, किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासासारखेच. तेथे आपण अर्धायुकाल मोजतो, येथे ९० टक्के मरायला लागणारा काळ मोजतात. समजा १०० अंश सेल्सिअसला हा काळ १० मिनिटे आहे आणि आपल्याजवळ १० लाख बीजाणू आहेत. १० मिनिटांनी १ लाख उरतील, २० मिनिटांनी १० हजार, आणि एक तासाने एखादा. उलट, साध्या जिवाणूंसाठी हा काळ उकळत्या पाण्यात काही सेकंदांचाही नसतो.

आता तापमान वाढवू. बीजाणूंच्या बाबतीत तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की हा काळ दहापटीने घटतो. म्हणजे ११० अंशांना एक मिनिट आणि १२० अंशांना अवघे सहा सेकंद. घरच्या प्रेशर कुकरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने अधिक असतो आणि त्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. दवाखान्यांतील व प्रयोगशाळांतील निर्जंतुकीकरणाचे यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, याच तत्त्वावर १२१ अंशांना पंधरा मिनिटे चालवतात.

उष्णता नसली तर बीजाणू किती काळ टिकतात? एडिंबरो विद्यापीठात २०१४ साली याच गटातील गवती जिवाणूचे सुकवलेले बीजाणू काचेच्या बंद कुप्यांत ठेवून एक प्रयोग सुरू झाला आहे. तो ५०० वर्षे चालवायचा बेत आहे! प्रत्येक पिढीतील शास्त्रज्ञांनी काही कुप्या फोडून पाहायच्या आणि पुढच्या पिढीसाठी सूचना लिहून ठेवायच्या, असे ठरले आहे.

पोटातला प्रवास

जठरातील आम्ल तीव्र असते. दह्यातील पुष्कळसे जिवाणू तेथेच गारद होतात. पुढे पित्तरसाचा मारा असतो. बीजाणू या दोन्हींतून बहुतांशी सुखरूप पार पडतो आणि लहान आतड्यात अन्न मिळाले की त्यांतील काही रुजतात. उंदरांवरील प्रयोगांत हे रुजणे प्रत्यक्ष दिसले आहे. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: औषध म्हणून घेतलेला बीजाणू आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतो.

आता २०० कोटी ही संख्या पाहू. ऐकायला ती प्रचंड वाटते. पण माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. भागाकार केला तर एका कुपीतील जिवाणू मूळच्या रहिवाशांच्या एकोणीस हजारांत एक एवढेच भरतात. शिवाय हे पाहुणे कायमचा मुक्काम करीत नाहीत. औषध बंद केल्यावर काही दिवसांत मलावाटे निघून जातात. तेव्हा ‘पोटात चांगल्या जिवाणूंची फौज भरती करा’ अशी भाषा ऐकली की हा भागाकार आठवावा. अर्थात, संख्येने थोडे असलेल्यांचाही परिणाम होऊ शकतो. काही बॅसिलस जिवाणू इतर जंतूंना अडवणारे पदार्थ स्रवतात. थायलंडमधील २०० ग्रामस्थांच्या पाहणीत, ज्यांच्या आतड्यात बॅसिलस होते त्यांच्यांत गळवे व जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मुळीच सापडला नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच संशोधनाचा पुढचा टप्पा म्हणून निरोगी माणसांना महिनाभर गवती जिवाणूचे बीजाणू दिले तेव्हा मलातील स्टॅफिलोकॉकसची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली, हा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. ही फार आशादायक गोष्ट आहे. पण त्यामुळे प्रत्यक्ष आजारपण किती टळते, हे पाहणे ही त्यापुढची पायरी आहे.

मग जुलाब थांबतात का?

हे ठरवण्याची रीत एकच. आजारी मुलांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि तास मोजायचे. चिठ्ठ्या का, तर जुलाब बहुधा चार-सहा दिवसांत आपोआपही थांबतात. तिसऱ्या दिवशी औषध घेतले आणि पाचव्या दिवशी बरे वाटले, यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

इटलीत असा एक प्रयोग झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७१ लहान मुले होती. एका गटाला केवळ जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेच्या ठरावीक मिश्रणाचे पाणी, आणि बाकीच्या पाच गटांना जलसंजीवनीबरोबर पाच वेगवेगळी प्रोबायोटिके दिली होती. नुसत्या जलसंजीवनीच्या गटात जुलाब सुमारे ११५ तास टिकले. लॅक्टोबॅसिलस जीजी नावाच्या जिवाणूच्या गटात ते सुमारे ७८ तासांत थांबले, चार जिवाणूंच्या एका मिश्रणाने ७० तासांत. आणि आपले कुपीतले बीजाणू? त्यांच्या गटात काहीच फरक पडला नाही. याच बॅसिलस क्लॉसाय जिवाणूचे औषध इटलीत १९५८ पासून वापरात आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पण म्हणून बीजाणू निरुपयोगी असा निकाल देऊन मोकळे होऊ नका. त्याच जिवाणूवरील सहा प्रयोग, एकूण १२९८ मुले, एकत्र घेऊन २०१८ साली हिशेब केला गेला तेव्हा जुलाब सरासरीने सुमारे ९ तास लवकर थांबतात असे दिसले. चार-पाच दिवसांच्या आजारात नऊ तास. फायदा आहे, पण बेताचा. आणि मौज अशी की २००७ च्या प्रयोगात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असलेला लॅक्टोबॅसिलस जीजी २०१८ मध्ये अमेरिकेतील सुमारे ९७० मुलांवर तपासला, तेव्हा त्याने काहीच करामत दाखवली नाही! एका देशातील मुले, त्यांचा आहार, त्यांना झालेला संसर्ग, सारेच वेगळे असू शकते. म्हणून एका प्रयोगावर विज्ञानात कोणी विसंबून राहत नाही, आणि एका जिवाणूचा गुण दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही.

प्रतिजैविक औषधे घेताना होणाऱ्या जुलाबांवर बीजाणू वापरण्यामागे आणखी एक विचार आहे. बॅसिलस क्लॉसायचे औषधात वापरले जाणारे वाण कित्येक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, म्हणून दोन्ही एकाच वेळी देता येतात. मात्र हाच गुण दुधारी आहे. असा प्रतिकार दुसऱ्या, घातक जिवाणूंकडे जाऊ शकत नाही ना, याची खात्री प्रत्येक वाणाबाबत करून घ्यावी लागते. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने फार खालावलेली आहे अशा रुग्णांत हे ‘चांगले’ जिवाणू क्वचित रक्तातही शिरल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा औषधाच्या दुकानातून मनाने आणून घ्यावे अशी ही वस्तू नव्हे.

जुलाबात जीव जातो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले तेव्हा मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी तोंडाने पाजून पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. जागतिक आरोग्य संघटना आजही मुलांच्या जुलाबावर जलसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या यांवरच भर देते. कुपी असो वा नसो, जलसंजीवनी आधी.

नावांचा घोळ आणि वाईट भाईबंद

वेष्टनावरील नावाकडेही जरा बारकाईने पाहावे. १९१५ साली अमेरिकेतील आयोवा येथे डब्यातील आटवलेले दूध का फाटते याचा शोध घेताना हॅमर यांना एक बीजाणू करणारा जिवाणू सापडला. त्याचे नाव पडले बॅसिलस कोॲग्युलन्स. पुढे रशियात त्याच जिवाणूला लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स असे नाव दिले गेले. ते चुकीचे ठरले, कारण खरे लॅक्टोबॅसिलस बीजाणू करीतच नाहीत. तरी हे जुने नाव आपल्याकडील औषधांच्या वेष्टनांवर चिकटून राहिले. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याला आणखी नव्या प्रजातीत हलवले आहे. नाव, वाणाचा क्रमांक, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत बीजाणू राहतील तो आकडा, या तीन गोष्टी जेथे स्पष्ट छापलेल्या नाहीत ते औषध मला तरी भरवशाचे वाटत नाही.

बीजाणू करण्याची कला केवळ उपयोगी जिवाणूंनाच अवगत आहे असे नाही. धनुर्वाताचा जिवाणू, अँथ्रॅक्सचा जिवाणू हेही त्यात तरबेज आहेत. आणि एक भाऊबंद तर आपल्या स्वयंपाकघरात येतो. त्याचे नाव बॅसिलस सिरियस. तांदळावर त्याचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना त्यांतील काही वाचतात. भात तासन्‌तास तसाच ओट्यावर राहिला तर ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. सकाळी त्याच भाताला खमंग फोडणी दिली तर जिवाणू मरतील, पण ते विष उष्णतेने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात परतलेल्या भातामुळे झालेल्या विषबाधांच्या तपासातून हा प्रकार उजेडात आला. फोडणीचा भात सोडायचे कारण नाही. रात्री उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवला की काम झाले.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. मूठभर वाळलेले गवत बारीक कापून अर्धा लिटर पाण्यात तासभर भिजवा आणि पाणी गाळून घ्या. ते चार सारख्या चंबूंत प्रत्येकी थोडे ओतून तोंडांना कापसाचे बोळे बसवा. पहिला चंबू तसाच ठेवा. दुसरा दहा मिनिटे उकळा. तिसरा दहा मिनिटे उकळा आणि पुढील दोन दिवस रोज पुन्हा दहा मिनिटे उकळा. चौथा कुकरमध्ये, शिट्टी झाल्यावर आच मंद करून, अर्धा तास ठेवा. कुकर पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. सर्व चंबू उबदार जागी ठेवून आठवडाभर रोज त्यांतून टॉर्चचा झोत सोडा आणि झोत कोठे ठळक दिसतो ते वहीत लिहा. पाणी गढूळ होणे किंवा पृष्ठभागावर सुरकुतलेली साय धरणे ही जिवाणू वाढल्याची खूण. बोळे काढून वास घेऊ नका, चव तर मुळीच नको. प्रयोग संपल्यावर चारही चंबू बोळ्यांसकट पुन्हा कुकरमध्ये अर्धा तास ठेवून मगच रिकामे करावेत.